खुणेचा शब्द

बँकेचा रखवालदार शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा मावशीला वाटलं, ह्याच्या पोराला पाळणाघरात घालायचं असणार. तिला त्याची सवयच होती. भाजी घेताना, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, कुठेही कुणीतरी जवळ येऊन विचारायचं, "मावशी, एक जागा होईल का?" म्हणून तीच आधी बोलली, "आणा की. फक्त चालायला लागलेलं असू दे." त्याने काचेच्या दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

खिडकीतली कॅशियर एरवी "मावशी, आज कोण कुणाला चावलं?" म्हणून हसायची. आज ती मान वर करेना. मावशीने किराण्यासाठी पैसे मागितले तर म्हणाली, "तुमचं खातं बंद ठेवलंय. साहेबांनी आत बोलावलंय."

"बंद? मी कुठे सांगितलं बंद करायला?"

कॅशियरने ड्रॉवर उघडला, मिटला, परत उघडला.

आत साहेबांनी बसा म्हटलं नाही, तरी मावशी बसली. दिवसभर पोरांमागे धावून तिचे गुडघे कुणाच्या परवानगीची वाट बघत नसत. साहेबांनी एका चेकची झेरॉक्स पुढे सरकवली.

"हा तुम्ही भरलात?"

"मीच भरला."

"कुणी तयार केला?"

"तयार केला म्हणजे? त्यांच्या ऑफिसने दिला. पिटुकलीच्या आईच्या."

"बाई, ते ऑफिस म्हणतंय, आम्ही असला चेक कुणाला दिलेलाच नाही. सही खोटी आहे. चेक बनावट आहे. तुम्ही तो भरलात आणि खात्यात आकडा दिसल्याबरोबर मोठी रक्कम रोख काढून नेलीत. असं कोण करतं, माहीत आहे?"

"कोण?"

"चोर."

मावशीला हसू आलं. काय करणार, आलं खरं. चोर हा शब्द ती रोजच वापरायची, कुणी कुणाचं बिस्कीट पळवलं की गालाला चिमटा काढून म्हणायची, "चोरटं ते!" आणि हा टाय लावलेला माणूस तिला तोच शब्द म्हणत होता, आणि ह्याच्या तोंडावर थट्टेचं नाव नव्हतं. तिचं हसू तिथेच गोठलं. काचेबाहेर पाहिलं तर रखवालदार तिच्याकडेच बघत होता, आणि तो कशासाठी उभा आहे ते तिला तेव्हा कळलं.

आता हे कसं घडलं ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही त्या साहेबासारखंच म्हणाल, दाल में काला नव्हे, सगळी डाळच काळी!

मावशीचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे जाळीचा व्हरांडा. भिंतीला पोरांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. बेडकाची खुंटी, किटलीची खुंटी, घुबडाची खुंटी. पोरांना वाचता येत नाही, पण आपला बेडूक बरोबर ओळखतात. दाराशेजारी काचेत लावलेला परवाना. त्यातलं एक वाक्य मावशीला पाठ होतं, कारण तेच सर्वांत मोठ्या अक्षरांत होतं: फसवणुकीचा किंवा मारहाणीचा गुन्हा नोंदलेल्या व्यक्तीस मुले सांभाळता येणार नाहीत. धूळ पुसताना ती ते रोज वाचायची आणि मनात म्हणायची, बरोबरच आहे, असल्यांच्या हाती पोरं द्यायचीच कशाला.

आणि तिचा स्वतःचा एक नियम होता. पोराला घालताना आईबापांनी एक खुणेचा शब्द ठरवून द्यायचा. न्यायला काका येवो, आत्या येवो, शेजारी येवो, मावशीच्या कानात तो शब्द सांगायचा. शब्द बरोबर, तर पोर हातात. चुकला, तर साक्षात देव आला तरी व्हरांड्याबाहेर बस म्हणावं. एकदा एका पोराचे आजोबा शब्द विसरले तर तिने त्यांना भर उन्हात बसवून ठेवलं होतं, सुनेचा फोन लागेपर्यंत. आजोबांनी तिचा उद्धार केला. सून मात्र दुसऱ्या दिवशी पाया पडायची बाकी राहिली होती. शब्द म्हणजे शब्द. त्या एका गोष्टीवर सगळं पाळणाघर उभं होतं.

पिटुकलीच्या आईचा फोन आला तो संध्याकाळच्या गडबडीत. बदली होऊन ह्या गावात येतेय, दीड वर्षाची मुलगी आहे, तुमचं नाव फार ऐकलंय. नाव ऐकलंय म्हटल्यावर कोण पाघळणार नाही? मग रोज बोलणं. मुलीचे फोटो. एका पायात मोजा असलेली, गोबऱ्या गालांची पोर, आणि प्रत्येक झोपेच्या फोटोत डावी मूठ कानावर दाबलेली. मावशीने तिसरा फोटो बघून लगेच फोन लावला, "अगं, पोरीचा कान दुखतोय. डॉक्टरला दाखव बरं." आई म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं! खरंच रडते हो रात्री." मग काय, मावशीचा जीव त्या पोरीत अडकला. तिने रिकाम्या खुंटीवर बदकाचं चित्र चिकटवलं. बाकीच्या पोरांना सांगितलं, नवी मैत्रीण येणार आहे, तिच्या कानाशी ओरडायचं नाही. पोरांनी कुजबुजत बोलायची तालीमसुद्धा केली.

आईच्या ऑफिसने वर्षाची फी एकदम पाठवली, चेकने. वर काही पैसे जास्त होते. डॉक्टरने सांगितलेली, डोक्याकडून उंच होणारी खाट घ्यायची होती. खाटवाला येईल, त्याला रोख द्या, एवढंच काम. चेक भरल्यावर मावशीने कॅशियरला विचारलं होतं बरं का, न विचारता नाही. कॅशियर म्हणाली, "जमा दिसतायत मावशी, काढा की." आता जमा दिसणं वेगळं आणि चेक वटणं वेगळं, हे तिला कोण सांगणार? तिने काढले.

खाटवाला आला. टोपी, साधा शर्ट, नजर खाली. मावशी व्हरांड्याची जाळी न उघडताच म्हणाली, "कोण तुम्ही?" तो जाळीशी वाकला आणि हळूच म्हणाला, "मोडकी छत्री."

पिटुकलीचा शब्द! आईने फोनवर ठरवलेला, तिच्याशिवाय आणि मावशीशिवाय कुणाला माहीत नसलेला. मावशीने पाकीट काढून हातात दिलं. पावती नाही, नाव नाही, गाव नाही. ज्या शब्दावर ती लोकांची लेकरं देत होती, त्या शब्दावर पैसे द्यायला तिला कसली भीती वाटणार होती? खाट आली नाही, तेव्हा तिला वाटलं ट्रक अडकला असेल. आईचा फोन लागेना, तेव्हा वाटलं सामान बांधत असेल बिचारी.

हे सगळं तिने साहेबांना सांगितलं. अगदी पहिल्यापासून, काही न लपवता. कर नाही त्याला डर कशाला! साहेब आधी कंटाळून ऐकत होते, पण खाटवाल्यापाशी आल्यावर एकदम पुढे वाकले.

"थांबा. म्हणजे तुमच्यात आणि त्या माणसात सांकेतिक शब्द ठरलेला होता?"

"हो तर!" मावशी अभिमानाने म्हणाली. "त्याशिवाय मी कुणाला दारात उभं करत नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं, ते मावशीने बघितलं. आपण काय बोललो? खरंच बोललो. मग ह्याला एवढा आनंद कसला झाला?

थोड्या वेळाने त्यांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला, आवाजही मऊ केला. "हे बघा, आम्हालाही कटकट नकोय. ह्यावर सही करा. रक्कम हप्त्याने फेडा, पोलिसांपर्यंत जायला नको. तुमच्या पाळणाघराचाही प्रश्न आहे ना."

मावशीने चष्मा लावला. चेकविषयी मला शंका होती, तरीही मी तो भरला, असं काहीतरी लिहिलं होतं. "पण मला शंका नव्हती," ती म्हणाली.

"ती नुसती भाषा असते हो."

पेन तिच्या हातात होतं. सही केली तर घरी जाता येईल, एवढंच तिला दिसत होतं. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. "अगंबाई, पोरं उठली असतील!" म्हणत ती उठली. साहेब बघत राहिले. रखवालदाराने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खांदे उडवले, आणि दाराची कडी निघाली. पोरांच्या झोपेने तिला वाचवलं म्हणायचं, दुसरं काय!

घरी तिचा नवरा पोरांना सांभाळत होता. बसच्या डेपोत टायर बदलण्यात जन्म गेलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून पोरांचे लंगोट बदलत होता. सगळं ऐकून त्याचा पहिला सल्ला: "सही करून टाक. मिटवून टाक. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"अहो, पण मी चोर नाही ना!"

"मला माहीत आहे गं. त्यांना कुठे माहीत आहे?"

"मग चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि संन्याशाने वर सही करून द्यायची?" मावशी ओरडली. झोपेतून नुकती उठलेली सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. पाळणाघरात आजवर तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. घुबडाच्या खुंटीवाली चिमणी तर ओठ काढून रडायच्या बेतात आली.

ह्या चिमणीची आई वकील होती. घरभाड्याची आणि जागांची भांडणं चालवायची, आणि रोज उशिरा यायची. रोज मावशीची बोलणी खायची. त्या संध्याकाळीही उशिराच आली, कानात शब्द सांगितला, आणि मावशीचा चेहरा बघून चप्पल न काढताच आत आली. नवऱ्यानेच सगळं सांगितलं. कोर्टाच्या पायरीची म्हणही ऐकवली.

"काका, ती म्हण मला रोज कुणीतरी ऐकवतं," वकीलबाई म्हणाल्या. "मावशी, सही केलीत?"

"नाही. पोरं उठायची वेळ झाली होती."

वकीलबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. "आता नीट ऐका. खोटा चेक भरणं हा गुन्हा नाही. खोटा आहे हे माहीत असून भरणं, हा गुन्हा. त्या कागदावर त्यांनी तेच तुमच्या तोंडी घातलंय. पैशाचं नुकसान कदाचित तुमच्या गळ्यात पडेल, त्यासाठी आपण भांडू. पण नुकसान तुमचं आणि गुन्हा फसवणाऱ्यांचा, ही दोन खाती एक होऊ द्यायची नाहीत. कुणी काहीही म्हणो, न पटलेल्या कागदावर सही करायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. खातं का बंद केलं ते लेखी मागायचा तुम्हाला हक्क आहे. पोलिसांनी बोलावलं तर मी सोबत असेन, आणि मी असल्याशिवाय उत्तर देणार नाही असं म्हणायचाही हक्क आहे."

"पण गप्प बसलं तर वाटेल ना, काहीतरी लपवतेय? मी म्हणते, कर नाही त्याला डर कशाला."

"मावशी," वकीलबाई म्हणाल्या, "त्या म्हणीने जितकी भोळी माणसं अडकलीत, तितकी खोट्या साक्षीनेही नसतील. आज तुम्ही किती खरं बोललात! त्याचं काय केलं त्यांनी?"

मावशीला साहेबांचं ते समाधान आठवलं. चिमणीला आईच्या कडेवर देताना तिने विचारलं, "परवाना जाईल का हो?"

"गुन्हा तुमच्या नावावर लागला, तर जाईल," वकीलबाई म्हणाल्या. खोटा दिलासा देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "म्हणून तर लागू द्यायचा नाही."

दुसऱ्याच दिवशी पोलिसांचा फोन आला. बँकेने तक्रार केली होती.

चौकीतले फौजदार वयस्कर होते, टेबलावर तीन चहाचे रिकामे कप आणि अर्धा डझन फायली. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सुरुवातच अशी केली, "बाई, सांकेतिक शब्द काय होता?"

वकीलबाईंनी मावशीच्या हातावर हात ठेवला. "त्या स्वतः तक्रार द्यायला आल्यात. फसवणूक त्यांची झालीय. आधी ती तक्रार लिहून घ्या. मग काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा."

"तक्रार लिहू की. पण त्या माणसापर्यंत पोचायला ह्यांच्याकडून काहीतरी धागा तर हवा ना. शब्द ठरवून रोख देणारी माणसं आम्ही इथे रोज बघतो, आणि ती पाळणाघर चालवत नसतात." फौजदारांनी फोटोंची छापील पानं टेबलावर पसरली. एका पायात मोजा, गोबरे गाल, कानावर मूठ. "ही तुमची पिटुकली. हे फोटो चोरलेले आहेत. परदेशातल्या कुठल्याशा बाईने आपल्या मुलीचे इंटरनेटवर टाकले होते, तिथून उचललेत. ह्याच फोटोंवर आणखी तिघांना गंडवलंय, त्यांच्या फायलीतूनच काढलेत हे. पिटुकली नावाचं कुणी नाही. आई नाही, बदली नाही, खाट नाही. कळलं?"

मावशीला कळायला वेळ लागला. पैसे गेले, हे तिला कालच कळलं होतं. आपल्याला चोर ठरवतायत, हेही कळलं होतं. पण ती पोर नाहीच, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. रात्रभर ती तळमळली होती ती परवान्यासाठी, हे खरं. पण मध्येच कधीतरी तिच्या मनात आलं होतं की फसवणाऱ्या बाईपाशी ते लेकरू कसं राहत असेल. बदकाची खुंटी तिच्या डोळ्यांपुढे आली. ती फोटोंवर वाकली. एक फोटो उचलला, दुसरा उचलला.

"म्हणजे ही मुलगी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची तरी आहे. पण आहे."

"आहे हो. त्याचं काय?"

"मग तिच्या खऱ्या आईला कुणी सांगितलंय का?"

"काय सांगायचं?"

"हिचा कान दुखतोय, साहेब!" मावशी फोटो पुढे करत म्हणाली. "मी त्या बाईला सांगितलं, डॉक्टरला दाखव. ती दाखवते म्हणाली. ती आईच नव्हती, तर दाखवणार कुठून? बघा, प्रत्येक फोटोत मूठ कानावर. हे फोटो कधीचे आहेत? तेव्हापासून पोरीचा कान तसाच असेल तर बहिरी होईल ती. तुमच्याकडे त्या आईचा पत्ता असेल ना? आधी तिला कळवा. माझं काय ते मागाहून बघा."

ती रडत होती. कालपासून पहिल्यांदाच रडत होती, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. फौजदारांनी एक फोटो स्वतःकडे ओढला, मग दुसरा. ते बराच वेळ कानावरच्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझी नात अशीच झोपते," ते म्हणाले. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि वकीलबाईंना विचारलं, "फिर्यादी म्हणून ह्यांचं पूर्ण नाव सांगा."

आरोपी नव्हे, फिर्यादी. वकीलबाईंनी टेबलाखाली मावशीचा हात इतका जोरात दाबला की तिची बांगडी रुतली. तक्रारीची प्रत मिळाली. बँकेला पत्र गेलं, खातं उघडलं. पैशाचं भांडण चालू राहिलं, ते आणखी कितीतरी दिवस चालणार होतं. पण काचेतला परवाना जागच्या जागी राहिला. नवऱ्याने आनंदाच्या भरात त्याची काच दोनदा पुसली.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी वकीलबाई नेहमीसारख्या उशिरा आल्या. बाकीची पोरं गेली होती. बदकाच्या खुंटीला काही अडकवलेलं नव्हतं. चिमणी मावशीच्या कडेवर होती, झोपेला आलेली, तोंडात अंगठा. वकीलबाई जाळीशी वाकल्या, हसत हसत मावशीच्या कानात शब्द सांगितला आणि हात पुढे केले.

मावशीने जाळी उघडली नाही.

"मावशी? शब्द बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे." मावशीच्या हाताची पकड चिमणीभोवती आणखी घट्ट झाली. समोर कोण आहे हे तिला माहीत होतं. हिने आपल्याला वाचवलं, हेही माहीत होतं. पण त्या दिवशीही शब्द बरोबरच होता. "तुमचं काही ओळखपत्र आहे का हो?" तिने विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली.

वकीलबाईंचं हसू मावळलं. पर्स उघडून त्यांनी कोर्टाचं कार्ड काढलं आणि जाळीच्या फटीतून आत दिलं. मावशीने चष्मा लावला. नाव वाचलं, फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. चिमणीने तोंडातला अंगठा काढला आणि म्हणाली, "मावशी, ती आई आहे."

"हो गं राणी, माहीत आहे," मावशी म्हणाली, आणि कार्ड आणखी एकदा वाचून मगच तिने जाळी उघडली.